एकच वारा, समोरचा आणि आडवा

वारा एकच असतो, पण विमान उतरवताना त्याचे दोन वारे मोजावे लागतात. नियंत्रण कक्षाकडून वैमानिकाला दोन आकडे मिळतात: वारा कोणत्या दिशेकडून येतो आहे ते अंशांत, आणि त्याचा वेग नॉटमध्ये. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. वैमानिक त्यांवरून आणखी दोन आकडे काढतो: धावपट्टीच्या रेषेत समोरून किती वारा आहे आणि त्या रेषेला काटकोनात, म्हणजे आडवा, किती आहे. हे दोन घटक वाऱ्यात मुळातच असतात, की हिशेबाच्या सोयीसाठी पाडलेले ते कागदी तुकडे आहेत? गणिताचे पुस्तक या प्रश्नाशी थांबत नाही. सूत्र देते आणि पुढे जाते. भारतीय दर्शनांनी मात्र वारा आणि दिशा या दोन्हींबाबत याच जातीचा प्रश्न फार पूर्वी विचारला आहे. जे एक आहे त्यात भेद कुठून येतो, आणि बाहेरून आलेला भेद खरा मानायचा की खोटा?

आधी हिशेब. पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्हे (नव्या नावाने राजगड) या तालुक्यांत प्रवासी विमानांची धावपट्टी नाही. जवळची मोठी धावपट्टी लोहगावची. तिच्या दोन टोकांना १० आणि २८ असे क्रमांक आहेत. चुंबकीय उत्तरेपासून मोजलेली दिशा दहाच्या पटीत घेऊन शेवटचे शून्य गाळले की हा क्रमांक मिळतो. पूर्वेकडे तोंड करून उतरणाऱ्या विमानाची दिशा सुमारे १०० अंश, पश्चिमेकडे उतरणाऱ्याची सुमारे २८० अंश. पावसाळ्यात घाटमाथा ओलांडून मावळात उतरणारा वारा साधारण पश्चिम-नैर्ऋत्येचा असतो. समजा तो २५० अंशांकडून २० नॉटने येतो आहे. २८ क्रमांकाच्या टोकाकडून उतरताना वारा आणि धावपट्टी यांतला कोन ३० अंशांचा होतो. समोरचा घटक म्हणजे वेग गुणिले कोनाची कोज्या: २० गुणिले ०.८६६, म्हणजे १७.३ नॉट. आडवा घटक म्हणजे वेग गुणिले कोनाची ज्या: २० गुणिले ०.५, म्हणजे १० नॉट, डावीकडून. तेच विमान १० क्रमांकाच्या टोकाकडून आले तर हेच १७.३ नॉट पाठीमागून लागतात आणि आडवे १० नॉट उजवीकडून येतात. वाऱ्यात काहीही बदललेले नाही.

कोष्टक हाताशी नसेल तर वैमानिक घड्याळाचा आधार घेतात: कोनाचे अंश मिनिटे समजायचे, आणि ती तासाचा जेवढा भाग तेवढा वारा आडवा. कोन १५ अंशांचा असेल तर वेगाचा पाव भाग आडवा, ३० असेल तर निम्मा, ४५ असेल तर पाऊण, आणि ६० किंवा त्याहून जास्त असेल तर सगळाच आडवा धरायचा. ४५ अंशांचे खरे प्रमाण ०.७१ आणि ६० अंशांचे ०.८७ आहे, म्हणजे ही रीत आडवा वारा जरा जास्तच धरते. चूक सावधपणाच्या बाजूने होते, म्हणून ती चालते. वारा झोतांनी येत असेल तर आडवा घटक सरासरी वेगावर न काढता झोताच्या वेगावर काढावा लागतो. सरासरी २० नॉट असताना झोत ३० चे असतील तर वरच्या उदाहरणातला आडवा वारा १५ नॉटपर्यंत जातो. आणखी एक बारकावा असा की हवामानाच्या लेखी अहवालात वाऱ्याची दिशा भौगोलिक उत्तरेपासून मोजलेली असते, धावपट्टीची मात्र चुंबकीय उत्तरेपासून. पुणे परिसरात या दोन उत्तरांमधला फरक एका अंशाहूनही कमी असल्याने तो सोडून देता येतो. ध्रुवाजवळच्या प्रदेशात तो सोडता येत नाही.

एका वाऱ्याचे अनेक वारे कसे होतात हे वेल्ह्यात चालत पाहता येते. राजगड किल्ल्याच्या तीन माच्या ढोबळमानाने तीन दिशांना गेल्या आहेत: संजीवनी पश्चिम-नैर्ऋत्येला, सुवेळा पूर्वेला, पद्मावती उत्तरेला. आषाढातल्या वाऱ्यात संजीवनी माचीच्या तटावरून टोकाकडे निघालेल्या माणसाच्या तोंडावर वारा येतो आणि त्याला पुढे वाकून चालावे लागते. सुवेळा माचीकडे जाणाऱ्याला तोच वारा पाठीतून ढकलतो. पद्मावती माचीवर उत्तरेकडे चालणाऱ्याच्या डाव्या अंगाला तो लागतो आणि पाऊल उजवीकडे सरकते. सुवेळा माचीवर खडकाला आरपार पडलेले नेढे आहे. बाहेर वारा तिरपा वाहत असला तरी नेढ्यात बसलेल्याला तो एकाच रेषेत, या तोंडातून त्या तोंडाकडे जाणवतो, कारण खडकाने त्याला दुसरी वाटच ठेवलेली नाही. नेढे वाऱ्याला खरोखर वळवते; धावपट्टी वळवत नाही. हा फरक पुढच्या विचारात महत्त्वाचा आहे.

घटक हे वाऱ्याचे भाग आहेत असे पटकन म्हणावेसे वाटते, पण हे म्हणणे टिकत नाही. १७.३ आणि १० यांची बेरीज २७.३ होते आणि वारा तर २० चाच आहे. भागांची बेरीज पूर्णाहून मोठी कशी? घटकांचे वर्ग मात्र जुळतात: ३०० आणि १०० मिळून ४००, आणि ४०० चे वर्गमूळ २०. म्हणजे हे पोत्यातले धान्य दोन पायल्यांत मोजावे तसले भाग नाहीत. न्यायदर्शनात अवयव आणि अवयवी यांचे नाते सांगितले आहे: कापड हा अवयवी, सूत त्याचे अवयव, आणि अवयव आधी असतात म्हणून अवयवी उत्पन्न होतो. वाऱ्याच्या बाबतीत क्रम उलटा आहे. आधी वारा आहे. घटक धावपट्टी ठरल्यावर येतात. समोरचा आणि आडवा असे दोन वारे कुठे तरी वेगवेगळे वाहत होते आणि लोहगावला येऊन मिसळले, असे कोणी म्हणणार नाही.

मुंबईच्या विमानतळावर ही गोष्ट आणखी ठसठशीत होते. तिथे ०९/२७ आणि १४/३२ अशा दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. २५० अंशांकडून २० नॉटचा तोच वारा घेतला तर २७ वर उतरणाऱ्याला समोरून १८.८ आणि आडवा ६.८ नॉट. ३२ वर उतरणाऱ्याला कोन ७० अंशांचा पडतो, आणि आकडे जागा बदलतात: समोरून ६.८, आडवा १८.८. दोन्ही धावपट्ट्या जिथे छेदतात त्या काँक्रीटच्या चौकोनावरून एका क्षणी एकच हवा जात असते, आणि तिच्याबद्दल घटकांच्या या दोन जोड्या एकाच वेळी खऱ्या असतात. घटक वाऱ्याच्या पोटातले असते तर एका ठिकाणी एकच जोडी खरी ठरली असती.

युरोपीय विचारात हा वाद बलांच्या निमित्ताने झाला. न्यूटनने १६८७ च्या आपल्या ग्रंथात गतिनियमांचा उपसिद्धांत म्हणून बलांचा समांतरभुज चौकोन मांडला. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्ये असे मत मांडले की दोन कारणे एकत्र आली तरी प्रत्येक आपापला परिणाम पुरता घडवते. एक बल उत्तरेकडे आणि दुसरे पूर्वेकडे ओढत असेल तर त्यांचे दोन्ही परिणाम एका तिरप्या गतीत पूर्णपणे असतात. नॅन्सी कार्टराइट यांनी १९८३ मध्ये त्यावर आक्षेप घेतला. वस्तू तिरपीच सरकली. ती उत्तरेलाही गेली आणि पूर्वेलाही गेली असे म्हणणे ही बोलण्याची लकब आहे, प्रत्यक्षात एकच परिणाम आहे. बलांच्या बाबतीत निदान दोन वेगळी कारणे दाखवता येतात, दोन दोऱ्या किंवा दोन माणसे. वाऱ्याच्या बाबतीत तेही नाही, म्हणून कार्टराइट यांचा आक्षेप इथे जास्त जोराने लागू पडतो. तरीही घटक निव्वळ लकब ठरत नाहीत, आणि त्याचे कारण दाखवायला वैशेषिक दर्शनातली एक कल्पना अधिक उपयोगी पडते.

वैशेषिकांच्या नऊ द्रव्यांत वायू आहे आणि दिक् म्हणजे दिशाही आहे. वायूला रूप नाही, स्पर्श आहे. जुने आचार्य म्हणतात की स्पर्शावरून वायूचे अनुमान होते. पुढच्या नव्यांनी त्वचेने त्याचे प्रत्यक्षच होते असे मानले. दिशेबद्दलचे मत इथे अधिक जवळचे आहे. दिक् हे द्रव्य एक, नित्य आणि सर्वव्यापी. पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण हे त्याचे तुकडे नाहीत. सूर्योदयाच्या डोंगराजवळची ती पूर्व, मावळतीच्या डोंगराजवळची ती पश्चिम, असा भेद बाहेरच्या निमित्ताने पडतो. या निमित्ताला उपाधी म्हणतात. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात, जो आजही न्यायाचा पहिला पाठ म्हणून शिकवला जातो, शरीरातल्या वायूलाही हाच न्याय लावला आहे: प्राण एकच आहे, पण उपाधी वेगळ्या म्हणून त्याला प्राण, अपान वगैरे नावे मिळतात. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादातही प्राणाला पाच वृत्तींचा म्हटले आहे. पाच प्राण मानलेले नाहीत.

धावपट्टी ही अशीच उपाधी आहे. वारा एक; २८ च्या उपाधीने त्याचा १७.३ समोरचा आणि १० आडवा होतो, बारामतीच्या २९ च्या उपाधीने तोच १५.३ समोरचा आणि १२.९ आडवा. धावपट्टी दहा अंशांनी फिरली आणि आडवा वारा जवळजवळ तीन नॉटने वाढला. बारामतीला उड्डाण शिकणाऱ्यांच्या दृष्टीने हे तीन नॉट लहान नाहीत. सेस्ना १७२ सारख्या शिकाऊ विमानाच्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्यात उतरवून दाखवलेली कमाल १५ नॉटची आहे.

धर्मग्रंथांतही वाऱ्याच्या एकपणाचा प्रश्न उघडपणे आला आहे. बृहदारण्यक उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात शाकल्य याज्ञवल्क्याला देव किती असे पुन:पुन्हा विचारतो आणि संख्या हजारांवरून खाली येत दीडवर पोचते. दीड देव म्हणजे हा वाहणारा वारा. तिथेच शंका निघते की हा तर एकच असल्यासारखा वाहतो, मग दीड कसा? वाऱ्यात हे सगळे वाढते, म्हणून, असे उत्तर मिळते. उत्तरापेक्षा शंका मोलाची आहे, कारण ती अनुभवावर उभी आहे. भोरहून वरंधा घाट उतरला की शिवथरघळ लागते. समर्थ रामदासांनी दासबोध तिथे सांगितला अशी परंपरा आहे, आणि त्या ग्रंथाच्या सोळाव्या दशकातला सहावा समास वायूच्या स्तवनाचा आहे. एकाच वायूची असंख्य कामे हा त्याचा विषय. पश्चिमेचा वारा जिथे प्रथम सह्याद्रीला भिडतो त्या कड्याखाली हे स्तवन रचले गेले असेल तर त्याला विषय शोधायला लांब जावे लागले नसेल.

उपाधीने आलेला भेद खरा की खोटा, यावर दर्शने वेगळी होतात. अद्वैती म्हणेल की घटातले आकाश आणि मठातले आकाश हा भेद घट फुटला की राहत नाही. म्हणून तो व्यवहारापुरता, परमार्थाने मिथ्या. नागार्जुनाच्या माध्यमिक मताने जे दुसऱ्याच्या अपेक्षेने आहे त्याला स्वतःचा स्वभाव नाही, मग ते घटक असोत की खुद्द वारा. नैयायिक मात्र म्हणेल की निमित्त बाहेरचे असले तरी निमित्त खरे आहे आणि त्यावर उभे असलेले ज्ञान यथार्थ आहे. धावपट्टीच्या प्रकरणात नैयायिकाची बाजू सर्वांत बळकट वाटते, पण तिची कसोटी विमान हवेत असतानाच लावली पाहिजे.

हवेत असलेल्या विमानाला स्थिर वारा लागतच नाही. ते हवेच्या राशीबरोबर वाहत असते. पंखांना फक्त हवेतला स्वतःचा वेग कळतो. ढगांच्या वर, जमीन दिसत नसताना, समोरचा आणि आडवा हे शब्द विमानाच्या अनुभवात कशालाच लागू पडत नाहीत. जमीन दृष्टीस आली की ते लागू पडू लागतात. १० नॉट आडवा वारा म्हणजे सेकंदाला पाच मीटरहून थोडे अधिक. काही न करता सरळ नाकाने येणारे विमान दहा सेकंदांत पन्नास मीटर बाजूला जाईल, आणि मोठ्या विमानतळांवरची धावपट्टी साधारण ४५ मीटर रुंद असते. म्हणून वैमानिक नाक वाऱ्याकडे वळवतो. १४० नॉटने येणाऱ्या प्रवासी विमानाला त्यासाठी सुमारे चार अंश पुरतात. ६० नॉटने येणाऱ्या लहान विमानाला साडेनऊ अंश लागतात. धावपट्टी मग समोरच्या काचेच्या मधोमध न दिसता एका कडेला दिसते आणि विमान खेकड्यासारखे तिरपे सरकत येते. टेकण्याआधी पायाने रडर वळवून नाक रेषेत आणायचे आणि वाऱ्याकडचा पंख किंचित खाली धरायचा, म्हणजे आधी त्या बाजूचे चाक टेकते.

हे सगळे चाकासाठी आहे. चाक एकाच दिशेत फिरते. आडवे नेले तर घासते, आणि भार जास्त असेल तर चाकाच्या आधाराचा दांडा मोडतो. गणिताने पाहिले तर वाऱ्याची फोड कोणत्याही दोन काटकोनी रेषांवर करता येते, अशा जोड्या अनंत आहेत, आणि त्यांतली कोणतीही इतरांहून अधिक खरी नाही. पण चाक आणि धावपट्टी मिळून त्यांतली एकच जोडी निवडतात, आणि ही निवड कोणाच्या मनातली नसते. तिरप्या टेकलेल्या टायरचा काळा पट्टा काँक्रीटवर उमटतो. म्हणून घटक वाऱ्याच्या पोटात नाहीत आणि वैमानिकाच्या डोक्यातही नाहीत. हवा, जमीन आणि एकाच दिशेत फिरणारे चाक या तिघांच्या नात्यात ते आहेत. नाते हे वस्तूइतकेच खरे असू शकते हे न मानणाऱ्याला या पट्ट्याचा खुलासा करता येणार नाही.

समोरच्या घटकाचे खरेपण तर जिवावर बेतते. १४० नॉटच्या विमानाला समोरून १० नॉट असतील तर ते जमिनीला १३० ने टेकते. पाठीमागून १० असतील तर १५० ने. थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून दुसऱ्या वेळी ती पहिल्याच्या सव्वापटीहून जास्त, नेमकेपणाने १.३३ पट असते. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोड येथे पावसात पाठीमागच्या वाऱ्यासह १० क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरलेले विमान टेबलासारख्या पठाराच्या कडेवरून खाली गेले आणि २१ माणसे दगावली. आधीचा प्रयत्न त्याने २८ च्या बाजूने करून सोडला होता. धावपट्टीवर फार पुढे जाऊन टेकणे हे तिथले मोठे कारण होते, पण पाठीमागचा वारा हा त्या हिशेबातला एक आकडा होताच. अशा ठिकाणी भेद व्यवहारापुरता आहे असे म्हणणारा अद्वैतीही व्यवहाराला हलके म्हणत नाही, हे नोंदवले पाहिजे.

वारा अनुकूल की प्रतिकूल, हा प्रश्न इथून सुरू होतो. तर्कसंग्रहात सुख आणि दुःख यांची लक्षणे अनुकूल-प्रतिकूल जाणिवेवरच बांधली आहेत. पण समोरचा वारा वाटेत प्रतिकूल असतो, इंधन खातो, वेळ लावतो. तोच उतरताना अनुकूल होतो. आडवा वारा धावपट्टीवर नकोसा. भोर-वेल्ह्याच्या खळ्यावर मात्र भाताची मळणी झाली की शेतकरी नेमका तोच शोधतो. वावडीवर उभे राहून, वाऱ्याला अंग आडवे करून, सुपातून दाणे हळूहळू सोडायचे. भरलेला दाणा आपल्या वजनाने सरळ खाली पडतो, पोचट दाणे आणि भुसा वाऱ्याबरोबर बाजूला जाऊन वेगळी रास होते. दाण्याची पडण्याची रेषा उभी आहे म्हणून तिथे सगळा वारा आडवाच आहे, आणि तोच काम करतो. वारा पडला तर सूप खाली ठेवून बसावे लागते. तेव्हा अनुकूलता वाऱ्याचा गुण नाही, तशी ती मनाची लहरही नाही. ती प्रयोजनाच्या रेषेवरून ठरते, आणि एकदा रेषा ठरली की आवडीनिवडीला त्यात जागा उरत नाही.

दैव आणि प्रयत्न यांच्या जुन्या वादालाही इथे नेमके रूप मिळते. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना चेष्टा आणि पाचवे दैव. वाऱ्याची दिशा आणि वेग हे वैमानिकाच्या दृष्टीने पाचव्या रकान्यातले. पण घटक नुसत्या वाऱ्याने ठरत नाहीत, कोनानेही ठरतात, आणि कोनाचे एक टोक माणसाच्या हातात आहे. उतरण्याच्या वेळी ही निवड अगदी अरुंद असते: २८ की १०. धावपट्टी आखण्याच्या वेळी ती रुंद असते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या चौदाव्या परिशिष्टातली शिफारस अशी की धावपट्ट्यांची दिशा अशी धरावी की विमानतळ किमान ९५ टक्के वेळ वापरता यावा. त्यासाठी मोठ्या विमानांना २० नॉट, मध्यम धाव लागणाऱ्यांना १३ आणि लहानांना १० नॉट आडवा वारा ही मर्यादा धरली जाते. अनेक वर्षांच्या वाऱ्याच्या नोंदी एका चक्राकार आलेखावर मांडून त्यावर धावपट्टीची पट्टी फिरवून पाहतात. महाराष्ट्राच्या पश्चिम भागात ०९/२७, १०/२८, ११/२९ असे पूर्व-पश्चिम आकडे दिसतात ते पावसाळ्यातल्या पश्चिमेच्या वाऱ्याशी जुळणारे आहेत.

भोरला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यात सात गावांच्या जमिनीवर नवा विमानतळ प्रस्तावित आहे, आणि गावकऱ्यांचा त्याला विरोध झाला आहे. रेषा आखली की त्या जागेवरच्या वाऱ्याचे समोरचा आणि आडवा असे वाटप पिढ्यान्‌पिढ्यांसाठी ठरते, आणि अंजीर-सीताफळाच्या बागांच्या हिशेबातला वारा त्या आलेखात येत नाही. आलेख चुकीचा असतो असे नाही. त्याला एकच प्रयोजन दिलेले असते. कोणाच्या प्रयोजनाची रेषा धरायची हा प्रश्न कोज्या आणि ज्या यांच्या आधीचा आहे, आणि तो वाऱ्याच्या नोंदींतून सुटत नाही.

९५ टक्क्यांचा हिशेब नीट बसला तरी पाच टक्के उरतातच. त्या वेळी आडवा घटक मर्यादेच्या वर गेला की विमान उतरत नाही. वैमानिक पुन्हा वर चढतो, घिरट्या घालत वारा वळण्याची किंवा ओसरण्याची वाट पाहतो, आणि इंधन ठरलेल्या पातळीला आले की वेगळ्या कोनाची धावपट्टी असलेल्या दुसऱ्या विमानतळाकडे वळतो.